लॅटिन घ्यावं की फ्रेंच? जर्मनीतल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी वसंत ऋतू जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. शाळेतून कागद आलेला असतो: पुढच्या वर्षी दुसरी परकीय भाषा कोणती, फ्रेंच की लॅटिन, खूण करून परत पाठवा. फ्रेंच म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं. लॅटिनपाशी गाडी अडते. मी पुण्यात शाळेत संस्कृत शिकले, आता बव्हेरियात राहते. मुलीने सहावीत लॅटिन घेतलं तेव्हा तिच्याबरोबर मीही पाटी कोरी करून बसले. गेली काही वर्षं शनिवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार-पाच मराठी मुलांचा लॅटिनचा अभ्यास घेते. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवत आहे.

ही निवड नेमकी कधी करावी लागते?

राज्याप्रमाणे बदलतं. बव्हेरियात आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये गिम्नाझियमला (म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेला) गेलेल्या मुलांना सहावीत दुसरी परकीय भाषा सुरू होते, काही राज्यांत सातवीत. पहिली भाषा बहुधा इंग्रजीच असते. काही जुन्या वळणाच्या गिम्नाझियममध्ये मात्र पाचवीपासूनच लॅटिन असतं आणि पुढे ग्रीकही येतं. एकदा खूण केली की मधेच भाषा बदलणं फार अवघड, त्यामुळे शाळेच्या माहिती-संध्याकाळीला जा आणि भाषा किती वर्षं चालू ठेवावी लागते ते तिथेच स्पष्ट विचारून घ्या.

जी भाषा कुणी बोलत नाही ती शिकून करायचं काय?

आज ती कुणाची मातृभाषा नाही हे खरं. पण पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य ४७६ मध्ये संपलं आणि त्यानंतर हजारभर वर्षांहून अधिक काळ युरोप विचार करत राहिला तो लॅटिनमध्येच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसने १५४३ मध्ये लॅटिनमध्ये मांडलं. हृदय रक्त कसं फिरवतं हे हार्वीने १६२८ मध्ये, गुरुत्वाकर्षण न्यूटनने १६८७ मध्ये, आणि आकड्यांचं शास्त्र इथल्या गाउसने १८०१ मध्ये. सगळं लॅटिनमध्ये. वनस्पतिशास्त्रात तर अगदी परवापर्यंत, म्हणजे २०११ अखेरीपर्यंत, नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय तिचं नाव ग्राह्य धरत नसत. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी चालू लागली.

आपला संबंधही वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. १८२३ मध्ये बॉनच्या आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेलने भगवद्गीता देवनागरीत छापली आणि सोबत स्वतः केलेलं भाषांतर दिलं ते लॅटिनमध्ये. उपनिषदांचंही तसंच. दारा शुकोहने करवून घेतलेल्या फारसी भाषांतरावरून आंकेतील-द्युपेरों या फ्रेंच माणसाने १८०१-०२ मध्ये लॅटिन ग्रंथ काढला, आणि जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहावरने आयुष्यभर उराशी धरली ती हीच लॅटिन उपनिषदं. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ मध्ये आम्स्टरडॅमला छापला गेला, त्यात रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र आहे. आणि गोव्यात, वसईत ज्यांचं बालपण १९६० च्या आधीचं आहे त्यांनी दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा ऐकली ती लॅटिनमध्येच. तेव्हा ही 'त्यांची' भाषा आहे आणि आपण पाहुणे आहोत, असं मला वाटत नाही.

लॅटिनने मूल हुशार होतं, गणित सुधारतं म्हणतात. खरं आहे का?

नाही. लॅटिनवर माझं प्रेम आहे म्हणूनच हे आधी स्पष्ट सांगते.

'लॅटिनने मेंदूला धार येते' हा समज फार जुना. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १९२४ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेऊन तो तपासला, आणि लॅटिन घेतलेली मुलं त्यामुळे इतरांपेक्षा लक्षणीय हुशार झाली असं काही हाती लागलं नाही. जर्मनीतच लुडविग हाग आणि एल्सबेथ श्टेर्न यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. २००३ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्याचं सार असं: बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत फरक नाही, जर्मन वाक्यांच्या व्याकरणात मात्र लॅटिनवाल्यांना थोडा फायदा. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट तपासली होती, ती पुढच्या प्रश्नात.

पण लॅटिन आलं की फ्रेंच, स्पॅनिश आपोआप सोपं जातं ना?

आपोआप नाही. शाळेत फ्रेंच शिकलेले आणि शाळेत लॅटिन शिकलेले असे जर्मन विद्यार्थी नंतर स्पॅनिशच्या वर्गात बसले, तेव्हा फ्रेंचवाल्यांनी कमी चुका केल्या. विचार केला तर यात नवल नाही. स्पॅनिश ही फ्रेंचची सख्खी बहीण, लॅटिन दोघींची आजी. शब्द ओळखीचे वाटतात, पण वाक्याची घडण पार बदललेली आहे. मुलाला पुढे स्पॅनिश बोलायचंच असेल, तर त्यासाठी लॅटिनची वाट वाकडी करू नका.

मग तुम्ही लॅटिनची बाजू घेता ती कशासाठी?

एका सवयीसाठी. शब्दाच्या शेवटापर्यंत वाचण्याच्या सवयीसाठी. हे उदाहरणानेच कळेल.

माझ्या मुलीच्या पहिल्या वर्षीच्या चाचणीत एक साधं वाक्य होतं: 'पुएल्लाम आग्रिकोला विदेत.' पुएल्ला म्हणजे मुलगी, आग्रिकोला म्हणजे शेतकरी, विदेत म्हणजे बघतो किंवा बघते. तिने लिहिलं, 'मुलगी शेतकऱ्याला बघते.' चूक. तिला त्या चाचणीत पाच मिळाले, आणि इथे एक म्हणजे सर्वांत चांगलं, सहा म्हणजे सर्वांत वाईट, हे वाचणाऱ्यांना माहीत आहेच. घरी आली ती रडवेली. मी वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं, एकेक अक्षर. पुएल्ला नाही, पुएल्लाम. शेवटी 'म्' आहे. तो 'म्' म्हणजे द्वितीया. मुलीला. शेतकऱ्याला काहीच लागलेलं नाही, म्हणजे बघणारा तो. 'मुलीला शेतकरी बघतो.'

आणि मग माझ्या लक्षात आलं की आपल्या मराठीत ते वाक्य तसंच्या तसं, त्याच क्रमाने उतरतं. कर्म आधी, कर्ता मग, क्रियापद शेवटी. तिची वाट जर्मनमधून गेली होती म्हणून ती घसरली. जर्मनमध्ये मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी आहे आणि कर्ता असो वा कर्म, त्याचं रूप बदलत नाही. मराठीतून गेली असती तर 'मुलीला' म्हणताक्षणी गाठ सुटली असती. त्या दिवसापासून आमच्या घरी लॅटिनचं पहिलं भाषांतर मराठीत होतं, जर्मन नंतर.

पाचवी-सहावीतली मुलं आज वाचतात कमी आणि चाळतात जास्त. ओळीतले दोन ओळखीचे शब्द दिसले की बाकीचं मनाने जुळवतात. लॅटिनमध्ये ही चलाखी चालत नाही. मनाने जुळवलेलं वाक्य लगेच उघडं पडतं, कारण एकच अक्षर बदललं की कोण कोणाला मारतंय ते उलटं होतं. चार-पाच वर्षं आठवड्याला तीन-चार तास एखादं मूल असं वाचत बसलं, तर ते करार, वर्तमानपत्र, प्रेमपत्र सगळंच जरा थांबून वाचेल अशी माझी आशा आहे. ही चाचणीत मोजता येणारी गोष्ट नाही, आणि ती मोजून सिद्ध झाली आहे असा माझा दावाही नाही. टेबलाशी बसणाऱ्या मुलांमध्ये मला जे दिसलं ते सांगते आहे.

आम्ही घरी मराठी बोलतो, मुलाचं जर्मन अजून कच्चं आहे. झेपेल का?

हा प्रश्न विचारताना पालकांचा आवाज खाली जातो, म्हणून याचं उत्तर मी मोठ्याने देते: झेपतं, आणि काही बाबतींत आपल्या मुलांना फायदाच असतो.

लॅटिनचा वर्ग जर्मनमध्ये चालतो, पण लॅटिन बोलायचं नसतं. वर्गात कुणाचीच ती घरची भाषा नाही. फ्रेंचच्या तासाला उच्चार चुकेल म्हणून गप्प बसणारं मूल इथे बाकीच्यांच्या रांगेत उभं असतं. शिवाय प्रत्येक जर्मन वाक्याची चिरफाड होते: हा कर्ता का, हे गौण वाक्य कुठे संपतं. जर्मन मुलांना जे कानाने येतं ते आपल्या मुलांना इथे नियमाने समजतं. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात श्टेफान किप्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या अशाच मुलांवर काम केलं आहे, ज्यांच्या घरी जर्मन बोललं जात नाही. लॅटिनचा वर्ग त्यांच्या जर्मनला आधार देऊ शकतो, ही त्या कामामागची कल्पना.

आता मराठीचा फायदा. लॅटिनमध्ये तीन लिंगं आहेत, आपल्याकडेही तीन. लॅटिनमध्ये नामाआधी इंग्रजीतल्या 'द' किंवा 'अ' सारखं उपपद नाही, आपल्याकडेही नाही. क्रियापद बहुधा शेवटी, आपलंही. प्रथमा ते संबोधन हा पाढा ज्या आईबापांनी शाळेत म्हटला आहे त्यांना लॅटिनच्या विभक्त्या बघून घाम फुटत नाही. संस्कृतच्या आठ, इथे सहा.

एक खड्डा मात्र आधीच दाखवते. मराठीत 'मुलीला बघतो' आणि 'मुलीला फूल देतो' या दोन्ही ठिकाणी 'ला' येतो. लॅटिनमध्ये पहिली पुएल्लाम, दुसरी पुएल्लाए. आपल्याकडे द्वितीया आणि चतुर्थीचा प्रत्यय एकच झाल्यामुळे मराठी मुलं इथे हमखास पडतात. मी त्यांना विचारायला शिकवते: 'काही दिलं-घेतलं का?' दिलं असेल तर चतुर्थी. सगळी उदाहरणं यात बसत नाहीत, पण पहिलं वर्ष निभावतं.

संस्कृतशी तिचं नातं किती जवळचं?

बहिणींचं. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी ठामपणे सांगतंच की लॅटिन संस्कृतातून निघाली. तसं नाही. दोघी एका जुन्या, आता हरवलेल्या भाषेच्या लेकी आहेत. सर विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात हे बोलून दाखवलं आणि फ्रान्झ बोपने १८१६ मध्ये क्रियापदांची रूपं शेजारी शेजारी ठेवून ते पद्धतशीर मांडलं.

पातेर-पितृ, मातेर-मातृ सगळे सांगतात. मला त्याहून लॅटिन सासर आवडतं. सासरा म्हणजे सोकेर, सासू म्हणजे सोक्रुस, सून म्हणजे नुरुस (संस्कृत स्नुषा आठवा), विधवा म्हणजे विदुआ. आणि दीर, आपला देवर, तो लेविर. टेबलावर मी ही यादी लावली तेव्हा एका मुलाने विचारलं, 'मग त्यांच्याकडे पण सासू त्रास द्यायची का?' रोमन नाटकांत सासवांची तक्रार भरपूर आहे, असं सांगितल्यावर पोरं खूश.

बैलाच्या मानेवरचं जू म्हणजे लॅटिन युगुम, संस्कृत युग. आंब्याचं शास्त्रीय नाव मांगिफेरा, नारळाचं कोकोस नुकिफेरा. यातला 'फेरा' म्हणजे धारण करणारी, आणि ते क्रियापद संस्कृत 'भरति'चं भावंड. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांत सप्त, अष्ट, नव, दश बसलेले आहेत, कारण रोमन वर्ष एके काळी मार्चपासून सुरू व्हायचं.

आणि माझं सर्वांत लाडकं. स्नायूला सगळं युरोप 'मसल', 'मुस्केल' म्हणतं ते लॅटिन मुस्कुलुस वरून. मुस म्हणजे मूषक, मुस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळतो असं रोमन माणसाला वाटलं. मराठी माणसाला त्याच जागी बेडकी दिसली, म्हणून आपण बेडकुळी म्हणतो.

व्याकरणातही अशीच गाठ पडते. 'उर्बे काप्ता' हे दोन शब्द लॅटिनच्या पुस्तकात आले की जर्मन मुलं हैराण होतात. त्यांना त्यासाठी अख्खं गौण वाक्य रचावं लागतं. संस्कृत शिकलेल्या आईला ती सति सप्तमी लगेच ओळखू येते, आणि मराठीत तर 'शहर घेतल्यावर' एवढंच. काम झालं.

मुलीला डॉक्टर व्हायचंय. लॅटिनशिवाय प्रवेश मिळतो ना?

मिळतो. वैद्यकीय शिक्षणासाठी इथे लॅटिनची अट नाही. सुरुवातीला वैद्यकीय संज्ञांचा एक छोटा अभ्यासक्रम असतो, तो सगळ्यांनाच करावा लागतो. ज्याने लॅटिन केलं आहे त्याला तो हलका जातो, इतकंच.

'लॅटिनुम' नावाचं प्रमाणपत्र आहे, ते ठरावीक वर्षं लॅटिन शिकून पुरेसे गुण मिळाले की शाळेतूनच मिळतं. ईश्वरशास्त्र, प्राचीन इतिहास, पुरातत्त्व अशा काही विषयांना काही विद्यापीठं ते अजून मागतात. नियम राज्यागणिक आणि विद्यापीठागणिक वेगळे, आणि बदलते. केवळ प्रमाणपत्रासाठी लॅटिन घेऊ नका. लागलंच तर विद्यापीठात गेल्यावरही ते करता येतं, दमछाक होते पण होतं.

घोकंपट्टी किती असते?

असते. इथे गोड बोलून उपयोग नाही. दर धड्याला वीस-पंचवीस नवे शब्द, आणि नुसता शब्द पाठ करून भागत नाही. राजा म्हणजे 'रेक्स' एवढंच म्हटलं तर पुढची रूपं कशी चालवणार? 'रेक्स, रेगिस, पुल्लिंग' असं तिन्ही एकत्र लक्षात ठेवायचं. 'रोसा, रोसाए, रोसाए, रोसाम, रोसा' हे मी मुलांकडून 'देवः देवौ देवाः'च्या चालीवर म्हणवून घेते. चाल लागली की पाठ होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

रोज दहा मिनिटं केली तर ओझं होत नाही. चाचणीच्या आदल्या रात्री तीन तास बसलं तर काही राहत नाही, ये रे माझ्या मागल्या. आमच्याकडे फ्रीजला लावलेल्या चिठ्ठ्यांवर शब्द असतात. दूध काढायला गेलं की एक शब्द म्हणायचा, मगच दार उघडायचं.

दुसरं वर्ष सर्वांत जड. नवलाई संपलेली असते आणि खरी पुस्तकं अजून हातात आलेली नसतात. बहुतेक मुलं रडतात ती तेव्हा. तेवढं एक वर्ष सांभाळा.

आणि पुढे ती वाचतात तरी काय? रोमन राजांच्या लढाया?

लढायाही असतात. सीझरने स्वतःच्या स्वाऱ्यांचं वर्णन 'मी' न म्हणता 'सीझरने' असं लिहिलं. ते वाचताना मुलं विचारायला शिकतात की हा माणूस आपल्याला काय पटवतो आहे आणि काय लपवतो आहे. बातम्या बघणाऱ्या पोराला हे आलंच पाहिजे.

पण माझ्या टेबलावर सर्वांना धरून ठेवलं ते धाकट्या प्लिनीने. इसवी सन ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. मामा आरमाराचा प्रमुख. ढग दिसताच मामाने विचारलं, येतोस का बघायला? हा म्हणाला, नको, मला अभ्यास आहे. मामा माणसं वाचवायला गेला तो परत आला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला दोन पत्रं लिहून ते दिवस सांगितले, आणि जमीन हलत असताना आपण पुस्तकातून टिपणं काढत बसलो होतो हेही लपवलं नाही. ही पत्रं दोन हजार वर्षांच्या अंतरावरून, मधे कुणी दुभाष्या न ठेवता, एक पंधरा वर्षांचं पोर अडखळत वाचतं. त्या दिवशी आमच्याकडे चहा गार झाला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

तो मामा, थोरला प्लिनी, आपल्याही कामाचा आहे. भारत दरवर्षी रोमकडून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. मिरी, मलमल, मोती यांवर रोमन पैसा वाहत होता. सुट्टीत कोल्हापूरला गेलात तर टाउन हॉलच्या संग्रहालयात मुलांना न्या. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेवाची छोटी रोमन कांस्यमूर्ती बघितली की हा व्यापार पुस्तकातून बाहेर येतो.

गुलामगिरीचं काय, असंही काही जण विचारतात आणि योग्य विचारतात. पहिल्याच धड्यांत 'सेर्वुस' म्हणजे गुलाम हा शब्द येतो, आणि पाठ्यपुस्तकातला गुलाम कित्येकदा हसतमुख, स्वयंपाक करणारा. घरी त्यावर बोला. गुलामही माणसंच आहेत असं रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने पत्रात लिहिलं, पण गुलाम त्याच्याही घरात होतेच. वरच्या वर्गात हे वाचायला मिळतं.

ही बड्या घरच्या लोकांची मिरवायची भाषा नाही का?

होती. फार काळ होती, आणि हे विसरून लॅटिनचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं.

जर्मनीत १९०० पर्यंत ग्रीक-लॅटिनच्या गिम्नाझियममधून आल्याशिवाय विद्यापीठाचे बहुतेक दरवाजे बंद होते. कारागिराचा मुलगा त्या शाळेत क्वचित पोचायचा. इंग्रजांनी तर लॅटिन आपल्यावरच वापरलं. भारतात कारभार करायला येणाऱ्यांसाठी १८५५ मध्ये लंडनला खुली परीक्षा सुरू झाली, त्यात लॅटिन आणि ग्रीकला प्रत्येकी ७५० गुण आणि संस्कृत, अरबीला प्रत्येकी ३७५. राज्य करायचं होतं आपल्यावर, आणि आपल्या भाषांची किंमत निम्मी. इंग्लंडमध्ये दरी अजून बुजलेली नाही. ब्रिटिश कौन्सिलच्या एका पाहणीत खासगी शाळांपैकी ४९ टक्के शाळा लॅटिन शिकवत होत्या आणि सरकारी शाळांपैकी फक्त २.७ टक्के. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने ४० सरकारी शाळांसाठी ४० लाख पौंडांची योजना जाहीर केली, २०२५ मध्ये शैक्षणिक वर्ष चालू असतानाच तिचा पैसा बंद झाला.

पण आपण दुसऱ्याकडे बोट दाखवताना जपून. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. ते शिकू दिलं गेलं नाही, फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर मिळवलं, आणि मग जुने ग्रंथ मुळातून वाचून त्यांच्याशी वाद घातला. म्हणून 'ही उच्चभ्रूंची भाषा आहे, सोडून द्या' हे उत्तर मला पटत नाही. ज्या ग्रंथांच्या नावाने हजारो वर्षं माणसांवर हुकूम चालले ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावेत, हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. जर्मनीत सरकारी गिम्नाझियममध्ये, फी न भरता, टॅक्सीवाल्याचं आणि डॉक्टरचं पोर शेजारी बसून रोमन कवी ओव्हिड वाचतं. मला या देशाची ही गोष्ट मनापासून आवडते.

त्यापेक्षा आपलं संस्कृत का नको?

शाळेचा कागद तो पर्याय देत नाही, हे पहिलं. आणि दोन्हींत भांडण लावायची गरज नाही, हे दुसरं. लॅटिन करणाऱ्या मुलाला सुट्टीत आजोबांनी संस्कृत दाखवलं तर ते अर्ध्या वेळात येतं, विभक्ती म्हणजे काय हे समजावण्यात वेळ जात नाही.

माझी खंत वेगळीच आहे. महाराष्ट्रात आपण संस्कृत घेतलं ते दहावीला शंभर गुणांचं किंवा हिंदीबरोबर संयुक्त, टक्के वाढावेत म्हणून. मला चांगले गुण मिळाले आणि कालिदासाचा एक श्लोक स्वतःहून लावता येत नव्हता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, इथे आम्ही पेढे वाटले. पण ज्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीचा दाखला आपण अभिमानाने देतो, तिची एक गाथा मुळातून वाचायला आपल्या किती शाळांत शिकवतात? इथल्या नववीतल्या लॅटिनच्या वर्गात बसले तेव्हा मला पहिल्यांदा हे टोचलं.

सगळं भाषांतर फोन करतो. मग हे कष्ट का?

सीझरची तयार भाषांतरं फोनच्या आधीही दुकानात मिळायची, आणि मुलं ती उतरवून काढायचीच. घरचा अभ्यास फोनवरून केला की वर्गातल्या चाचणीत हात थांबतो, तिथे फार तर वरच्या इयत्तांत जाडजूड शब्दकोश मिळतो. माझा नियम साधा आहे: आधी स्वतःचं वाक्य लिहायचं, मग फोनचं बघायचं, आणि दोन्हींत फरक असेल तर कोणत्या अक्षरामुळे पडला ते शोधायचं. कधी मूल चुकलेलं असतं, कधी फोन. फोन चुकलेला सापडला त्या दिवशी मुलांचा जो चेहरा असतो तो बघण्यासारखा असतो.

लॅटिन कुणी घेऊ नये?

ज्याला लोकांशी बोलायला आवडतं, जे नवा शब्द शिकलं की लगेच दुकानात जाऊन वापरतं, त्या मुलाला फ्रेंच द्या. लॅटिनच्या तासाला ते कोमेजेल. तुम्ही फ्रान्सच्या सीमेजवळ राहत असाल तर फ्रेंचचं पारडं आणखी जड. वर्षा-दोन वर्षांत भारतात परत जायचं नक्की असेल तरी फ्रेंच बरं, तिथल्या बऱ्याच शाळांत ते पुढे चालू ठेवता येतं. आणि मित्र लॅटिन घेतोय म्हणून, किंवा शेजारच्यांनी भारी विषय म्हणून सांगितलं म्हणून, कधीच नको.

खूण करण्याआधी मुलाला जमेल का हे घरी बघता येईल का?

बघता येतं. जाड कागदाच्या पाच चिठ्ठ्या करा आणि देवनागरीतच लिहा: 'पुएल्ला', 'पुएल्लाम', 'आग्रिकोला', 'आग्रिकोलाम', 'विदेत'. अर्थ सांगा, आणि 'म्' म्हणजे आपला 'ला' एवढंच सांगा. मग तीन तीन चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या आणि कोण कोणाला बघतंय ते ओळखायचं. क्रम मुद्दाम उलटासुलटा करा. शेवटी दोन्ही नामांना 'म्' असलेल्या चिठ्ठ्या ठेवा आणि काही बोलू नका. 'आई, मग बघतंय कोण?' असं मूल आपणहून म्हणालं, तर कागदावर लॅटिनपुढे खूण करायला हरकत नाही.